शट डाउन केलं, स्क्रीन काळी झाली, पण पंखा फिरतोच आहे... कॉम्प्युटर पूर्ण बंद का होत नाही?

मॉनिटर काळा झाला की कॉम्प्युटर बंद झाला, असं धरून भिंतीवरच्या बोर्डाचं बटण बंद करणारी माणसं घरोघरी आणि दुकानोदुकानी सापडतात. एरवी त्यात काही बिघडत नाही. पण कधी कधी स्क्रीन काळी होते आणि सीपीयूच्या डब्यातला पंखा मात्र घरघरत राहतो, समोरचा दिवाही चालूच असतो. पाच-दहा मिनिटं वाट बघून शेवटी माणूस बोर्ड बंद करून मोकळा होतो. दुसऱ्या दिवशी मशीन नेहमीसारखं चालू होतं, त्यामुळे तक्रारही राहत नाही. असे महिना-दोन महिने जातात आणि एक दिवस हिशेबाची फाइल उघडत नाही, नाहीतर विंडोज सुरू होतानाच डिस्क तपासत अडून बसतं. तेव्हा त्या फिरणाऱ्या पंख्याची आठवण कुणालाच होत नाही.

हा बिघाड बहुतेक वेळा घरच्या घरी सापडतो आणि निम्म्याहून जास्त उपायांना एक रुपयाही लागत नाही. फक्त कुठे बघायचं ते कळायला हवं. त्यासाठी आधी कॉम्प्युटर मुळात 'बंद' कसा होतो हे बघावं लागेल.

बटण आता वीज तोडत नाही

१९८४ साली आयबीएमचा पीसी एटी आला. त्या जातीच्या मशीनमध्ये पॉवरचं बटण म्हणजे सरळसरळ विजेचा खटका होता. दाबला की वीज तुटली, विषय संपला. म्हणूनच विंडोज ९५ मध्ये शट डाउन केल्यावर काळ्या पडद्यावर नारिंगी अक्षरांत 'आता कॉम्प्युटर बंद करायला हरकत नाही' अशा अर्थाचं वाक्य यायचं. विंडोज आपलं काम आवरायचं, खटका माणसाने पाडायचा.

१९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स नावाची रचना आणली आणि हा हिशेब बदलला. तेव्हापासून डेस्कटॉपचं पॉवर सप्लाय बोर्डाचं बटण चालू असेपर्यंत कधीच पूर्ण झोपत नाही. जांभळ्या वायरमधून ५ व्होल्टचा छोटा प्रवाह मदरबोर्डला सतत मिळत राहतो. समोरचं बटण दाबलं की मदरबोर्डला फक्त एक इशारा जातो. मग मदरबोर्ड हिरवी वायर जमिनीला म्हणजे ग्राउंडला जोडतो आणि पॉवर सप्लाय पूर्ण जागं होतं. बंद करताना उलटं. मदरबोर्डने ती हिरवी वायर सोडली की पंखे थांबतात.

पण मदरबोर्डला 'आता सोड' हे सांगायचं कुणी? ते काम विंडोजकडे गेलं. डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी मिळून एसीपीआय ही नियमावली आणली. जागं असणं, झोपणं, हायबरनेट होणं, बंद होणं अशा अवस्थांना तिने एस० ते एस५ असे क्रमांक दिले. एस५ म्हणजे बंद, पण जांभळी वायर जिवंत.

म्हणजे शट डाउन ही एक साखळी आहे. आधी उघडे प्रोग्राम बंद होतात, मग मागे चालणाऱ्या सर्व्हिसेस, मग एकेका उपकरणाचा ड्रायव्हर, त्यानंतर बायोसकडे निरोप जातो आणि शेवटी हिरवी वायर सुटते. यातल्या कुणी एकाने हात वर केले नाहीत की गाडी तिथेच अडकते. विंडोज ९८ च्या सेकंड एडिशनमध्ये ही अडचण इतकी पसरली होती की मायक्रोसॉफ्टला फक्त शट डाउनसाठी वेगळी दुरुस्ती द्यावी लागली. त्यामुळे हा आजार जुना आहे आणि दर नव्या विंडोजमध्ये नवं रूप घेऊन येतो.

आधी लक्षण नीट ओळखायचं

'बंद होत नाही' या एकाच वाक्यात चार वेगवेगळ्या गोष्टी लपलेल्या असतात आणि चारही ठिकाणी उपाय वेगळा असतो.

पहिली, 'शटिंग डाउन' असं लिहिलेली स्क्रीन आणि गोल फिरणारे ठिपके तसेच राहतात. इथे विंडोज स्वतःच कशाची तरी वाट बघतंय. दुसरी, स्क्रीन काळी, पण पंखा आणि दिवा चालू. विंडोजचं वरवरचं आवरून झालंय, अडकलंय ते ड्रायव्हर, बायोस किंवा मदरबोर्डपाशी. तिसरी, मशीन बंद होतं आणि काही सेकंदांत पुन्हा चालू होतं. चौथी, सगळं शांत झालंय, पण माउसचा लाल दिवा किंवा कीबोर्डवरचा प्रकाश विझत नाही.

यातली चौथी गोष्ट बिघाडच नाही. जांभळ्या वायरचा ५ व्होल्ट यूएसबीला मिळतोय एवढंच. मोबाइल चार्ज करता यावा म्हणून कित्येक मदरबोर्ड मुद्दाम असं करतात. नको असेल तर बायोसमध्ये 'ईआरपी' नावाचं सेटिंग चालू केलं की बहुतेक दिवे विझतात. हे नाव युरोपियन संघाच्या वीजबचतीच्या नियमांवरून आलंय. तिथे बंद उपकरणाने २०१३ पासून अर्ध्या वॅटपेक्षा जास्त वीज खाऊ नये असं बंधन आहे. या दिव्यांपायी कॉम्प्युटर दुरुस्तीला नेणारे लोक आहेत, आणि त्यांच्याकडून 'सर्व्हिसिंग'चे पैसे घेणारेही आहेत.

एक गंमत अशीही असते की समोरचं बटण 'स्लीप'वर लावलेलं असतं. माणूस रोज बटण दाबतो, मशीन रोज झोपतं, आणि दिवा लुकलुकत राहतो. कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्स उघडून 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू' इथे एकदा बघून घेतलेलं बरं.

दोष विंडोजचा की मशीनचा?

हा प्रश्न सोडवणारी चाचणी दोन मिनिटांची आहे आणि ती सगळ्यात आधी करायला हवी. कॉम्प्युटर चालू करताना डिलीट किंवा एफ२ दाबून बायोसमध्ये जायचं (कुठली कळ ते सुरुवातीच्या स्क्रीनवर लिहिलेलं असतं). तिथे विंडोज अजून आलेलंच नसतं. आता समोरचं पॉवर बटण एकदा हलकेच दाबायचं. बहुतेक मशीन इथे तत्काळ बंद होतात. पंखे थांबले, दिवा विझला, तर हिरवी वायर, पॉवर सप्लाय आणि बटण तिन्ही ठीक आहेत, दोष विंडोजच्या बाजूला आहे. इथेही पंखा फिरत राहिला तर विंडोज पुन्हा टाकण्यात दिवस घालवू नये. फॉरमॅट मारून हा दोष जाणार नाही.

पेनड्राइव्हवरून चालणारं उबुंटूसारखं लिनक्स हाताशी असेल तर त्यातून शट डाउन करून बघता येतं. ही चाचणी जास्त पक्की, कारण त्यात एसीपीआयची अख्खी वाट तपासली जाते. लिनक्समध्ये बंद होताना 'अ स्टॉप जॉब इज रनिंग' अशी ओळ आणि सेकंदांचा काटा दिसला तर घाबरायचं कारण नाही. एखादी सर्व्हिस थांबायला तयार नसेल तर ते साधारण ९० सेकंद वाट बघतं आणि मग जबरदस्तीने पुढे जातं.

फास्ट स्टार्टअप: सगळ्यात जास्त वेळा सापडणारा

दोष विंडोजकडे निघाला तर पहिला संशय याच्यावर. २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर हे आलं आणि विंडोज १० व ११ मध्येही बहुतेक मशीनवर ते आधीपासून चालूच असतं. यात शट डाउन दाबलं तरी विंडोज खऱ्या अर्थाने बंद होत नाही. वापरणाऱ्याचे प्रोग्राम बंद होतात, पण विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर यांची जशी आहे तशी प्रत डिस्कवरच्या एका फाइलमध्ये साठवली जाते. सकाळी ती प्रत उचलून मशीन पटकन उभं राहतं.

जुन्या हार्ड डिस्कच्या काळात याने खरंच वेळ वाचायचा. एसएसडीवर फरक जेमतेम काही सेकंदांचा उरतो. बदल्यात ड्रायव्हरला 'बंद हो' ऐवजी 'गोठून राहा' असा हुकूम मिळतो. एखाद्या जुन्या साउंड कार्डाच्या, वायफायच्या किंवा प्रिंटरच्या ड्रायव्हरला हे जमत नाही, आणि तो अडतो.

तपासायला सोपं आहे. शिफ्ट कळ दाबून धरायची आणि मग स्टार्ट मेनूतून शट डाउनवर क्लिक करायचं. शिफ्टसह दिलेला हुकूम पूर्ण बंद होण्याचा असतो. असं केल्यावर मशीन गुपचूप बंद झालं तर चोर सापडला. मग 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू' याच पानावर वरची 'चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल' ही ओळ दाबायची आणि खाली 'टर्न ऑन फास्ट स्टार्टअप' समोरची खूण काढून सेव्ह करायचं.

रोज शट डाउन करणाऱ्यांना एक गोष्ट चकित करते. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग सीपीयू उघडलं की खाली 'अप टाइम' दिसतो. रोज रात्री बंद होणारं मशीन तिथे कधी कधी वीस-वीस दिवस चालू असल्याचं दाखवतं. कारण हेच. फास्ट स्टार्टअप असताना तो काटा शट डाउनने शून्यावर येत नाही, रिस्टार्टने येतो. 'रिस्टार्ट करून बघा' हा सल्ला कंटाळवाणा वाटला तरी तो शट डाउनपेक्षा जास्त काम का करतो, त्याचं उत्तर इथे आहे.

एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील तर फास्ट स्टार्टअप बंदच ठेवावं. विंडोजचा गाभा गोठलेला असताना लिनक्समधून त्याच पार्टिशनवर काही लिहिलं तर सकाळी विंडोज जुन्या आठवणीवर काम सुरू करतं आणि फाइल खराब होतात.

ड्रायव्हर आणि जोडलेली उपकरणं

फास्ट स्टार्टअप काढूनही स्क्रीन काळी आणि पंखा चालू, असं असेल तर मशीनला जोडलेलं सगळं काढायचं. प्रिंटर, वेबकॅम, बाहेरची हार्ड डिस्क, डोंगल, ब्लूटूथचा खुंट. कीबोर्ड आणि माउस तेवढे ठेवून शट डाउन करायचं. नीट बंद झालं तर एकेक वस्तू परत लावत जायची, जिच्यानंतर अडलं ती दोषी. स्वतःचा अडॅप्टर असलेला यूएसबी हब तर उलट दिशेने मदरबोर्डला वीज पुरवतो आणि बंद मशीनचे दिवे किंवा पंखा जागे ठेवतो, असंही होतं.

इंटेलच्या मशीनवर आणखी एक नाव बघायचं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये सिस्टिम डिव्हाइसेसखाली 'इंटेल मॅनेजमेंट इंजिन इंटरफेस' असतं. जुन्या मशीनवर नवं विंडोज चढवल्यानंतर याचा ड्रायव्हर न जुळल्याने स्क्रीन काळी आणि मशीन चालू, हा प्रकार अनेकांनी भोगलाय. त्याचा ड्रायव्हर मदरबोर्ड किंवा कॉम्प्युटर बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरूनच घ्यायचा. 'एका क्लिकमध्ये सगळे ड्रायव्हर अपडेट' म्हणणारी सॉफ्टवेअर टाळलेलीच बरी, त्यांनी हा घोळ मिटण्यापेक्षा वाढतो.

काळ्या स्क्रीनवर काही मिनिटं थांबून मशीन आपोआप रिस्टार्ट होत असेल तर एखादा ड्रायव्हर उत्तरच देत नसतो. विंडोज वाट बघून कंटाळतं, 'ड्रायव्हर पॉवर स्टेट फेल्युअर' ही निळी स्क्रीन काढतं आणि पुन्हा सुरू होतं.

प्रोग्राम अडवत असतील तर

हे सोपं प्रकरण. 'धिस अॅप इज प्रिव्हेंटिंग शटडाउन' असं विंडोज स्वतःच नाव घेऊन सांगतं. बहुतेकदा सेव्ह न केलेली फाइल असते, तेव्हा घाईने 'शट डाउन एनीवे' दाबण्याआधी कॅन्सल करून एकदा बघावं. रोज तेच नाव दिसत असेल तर तो प्रोग्राम अपडेट करावा किंवा काढावा.

नाव दिसत नसेल तर रनमध्ये एमएसकॉन्फिग उघडून सर्व्हिसेसमध्ये आधी 'हाइड ऑल मायक्रोसॉफ्ट सर्व्हिसेस'वर खूण करायची आणि उरलेल्या बंद करून बघायच्या. ती खूण विसरली तर विंडोजच्या स्वतःच्या सर्व्हिसेस बंद होतील आणि नवीनच दुखणं उभं राहील. फरक पडला तर निम्म्या चालू करायच्या, परत बघायचं, मग उरलेल्यांतल्या निम्म्या. दोन अँटिव्हायरस एकत्र बसवलेले असतील तर एवढी मेहनत न घेता आधी एक काढावा.

बंद होऊन पुन्हा उठणारं मशीन

यात कधी कधी दोष खुद्द विंडोजचा असतो. 'अपडेट अँड शट डाउन' निवडूनही मशीन रिस्टार्ट होऊन रात्रभर चालू राहतं, ही तक्रार कित्येक वर्षं होती. विंडोज ११ साठी तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२५ च्या शेवटी आलेल्या अपडेटमध्ये दिली. ज्यांनी अपडेट थांबवून ठेवलेत त्यांच्याकडे तो दोष अजून असू शकतो.

दुसरी कारणं बायोसमध्ये असतात. 'रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस' हे सेटिंग 'ऑन'वर असेल तर बोर्डाचं बटण चालू करताच किंवा गेलेली वीज आली की मशीन आपोआप उठतं. भारनियमनाच्या गावात हे सेटिंग म्हणजे छळ आहे, ते 'ऑफ'वर ठेवावं. 'वेक ऑन लॅन' चालू असेल तर नेटवर्कच्या केबलमधून आलेल्या इशाऱ्यानेही मशीन जागं होतं. लॅनची केबल काढून शट डाउन केलं की लगेच कळतं.

डब्याच्या आत

बायोसमधूनही बंद न झालेल्या मशीनचं काय? आधी समोरचं बटण किमान ४ सेकंद दाबून धरायचं. हा हुकूम विंडोजला विचारत नाही, थेट मदरबोर्डवरच्या चिपपाशी जातो. त्यानेही बंद झालं नाही तर बटण, त्याची वायर, मदरबोर्ड किंवा पॉवर सप्लाय यांपैकी काहीतरी गेलंय. बटण आत रुतून बसलं असेल तर मशीन दर काही सेकंदांनी बंद-चालू होतं. धूळ आणि दमट हवेत, विशेषतः कोकणात, हे नवल नाही.

डबा उघडायचा असेल तर आधी भिंतीवरची वायर काढायची, नुसतं शट डाउन पुरेसं नाही, कारण जांभळी वायर. मग बटण दहा-पंधरा सेकंद दाबून आत उरलेली वीज संपवायची. मदरबोर्डवरून पॉवर बटणाची दोन तारांची पिन काढून बघता येते. पॉवर सप्लायचा धातूचा डबा मात्र कधीच उघडायचा नाही. २३० व्होल्टची वीज आत ३०० व्होल्टच्या वर चढलेली असते आणि वायर काढल्यावरही कपॅसिटरमध्ये काही काळ टिकते. तो धक्का जिवावर बेतू शकतो. पॉवर सप्लाय बदलायचं असतं, दुरुस्त करत बसायचं नसतं.

तोवर रोज रात्री करायचं काय?

दोष सापडेपर्यंत मशीन बंद तर करावंच लागेल. आधी सगळ्या फाइल सेव्ह करून प्रोग्राम हाताने बंद करायचे, मग शट डाउन. स्क्रीन काळी झाल्यावर डिस्कचा लुकलुकणारा दिवा शांत होईपर्यंत दोन-तीन मिनिटं थांबायचं आणि मग बटण ४ सेकंद दाबून धरायचं. बोर्डाचं बटण त्यानंतर.

अशा जबरदस्तीने फिरती हार्ड डिस्क लगेच मरत नाही. वीज गेली की फिरत्या तबकड्यांच्या जोरावरच ती आपला हेड बाजूला नेऊन ठेवते. धोका अर्धवट लिहिलेल्या फाइलला असतो. विंडोजची एनटीएफएस पद्धत फोल्डरांची मांडणी सावरून घेते, पण फाइलच्या आतला मजकूर वाचेलच असं नाही. टॅलीसारखी हिशेबाची सॉफ्टवेअर यात सगळ्यात आधी मार खातात, म्हणून बॅकअप रोजचा हवा आणि तो दुसऱ्या डिस्कवर हवा. आजवर किती वेळा असा घाव बसलाय ते एनव्हीएमई एसएसडी स्वतः मोजून ठेवते. क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत सॉफ्टवेअरमध्ये 'अनसेफ शटडाउन्स' या ओळीत तो आकडा दिसतो.

आणि चालू आहे तर राहू दे, असं म्हणून सोडून देणं? साधा डेस्कटॉप नुसता बसून ५० वॅट खात असेल तर रात्री ८ ते सकाळी १० या १४ तासांत ०.७ युनिट, महिन्याला २१ युनिट. नीट बंद झालेलं मशीन एक वॅट खात असेल तरी महिनाभराचं पाऊण युनिटही होत नाही.

दुरुस्तीवाल्याकडे नेण्याआधी इव्हेंट व्ह्यूअर उघडून विंडोज लॉग्जमधला सिस्टिम हा भाग बघून घ्यावा. फास्ट स्टार्टअप बंद करून शट डाउन केल्यानंतर ६००६ क्रमांकाची नोंद असेल तर विंडोजची नोंदवही शेवटपर्यंत व्यवस्थित मिटली, अडथळा त्यानंतरचा, म्हणजे ड्रायव्हर किंवा मदरबोर्डपाशी. ६००८ आणि ४१ या नोंदी मशीन अर्धवट तोडलं गेल्याच्या. १०७४ मध्ये शट डाउन किंवा रिस्टार्ट कुणी मागितलं त्या प्रोग्रामचं नाव असतं. या नोंदींचा मोबाइलवर फोटो काढून न्यावा आणि बायोसमधून बटण दाबल्यावर काय झालं तेही सांगावं. एवढं ऐकूनही जो थेट फॉरमॅट करायला निघेल, त्याच्याकडून मशीन परत घेऊन दुसऱ्या दुकानात जावं.